पेशीला प्राणवायू कळतो का?

रत्नागिरी

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे आलेख नीट पाहिले. एक टक्का प्राणवायूत ठेवलेल्या ७८६-ओ या मूत्रपिंडाच्या कर्कपेशी सुनिटिनिब या कर्करोगावरील औषधाला दाद देईनाशा झाल्या, हे निरीक्षण मोलाचे आहे. परंतु ‘हिफ वाढले’, म्हणजे प्राणवायूच्या टंचाईत पेशीत साठणारे प्रथिन वाढले, एवढ्या एका ओळीत तू त्याचे कारण संपवले आहेस, तेथे माझे मन अडले.

मूत्रपिंडाच्या या कर्कपेशींत व्हीएचएल जनुक मुळातच बिघडलेले आहे. ते शाबूत असते, तेव्हा पुरेशा प्राणवायूत त्याचे प्रथिन हिफची विल्हेवाट लावते. ते निकामी झाल्यामुळे ही पेशी भरपूर हवेतही गुदमरल्यासारखीच वागते. त्यातही ७८६-ओ पेशी हिफचा हिफ-१ अल्फा हा प्रकार बनवत नाहीत. त्यांच्याकडे असते ते हिफ-२ अल्फा, आणि तेही साध्या इन्क्युबेटरमध्ये आधीपासून साठलेले. म्हणून व्हीएचएल शाबूत असलेल्या काकी-१ या मूत्रपिंडाच्याच कर्कपेशी सोबत घे आणि २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या बेल्झुटिफान या औषधाने हिफ-२ अल्फाला अडवून पाहा. तरीही प्रतिकार टिकला, तर कारण अन्यत्र शोधावे लागेल.

माझा पहिला संशय आम्लतेवर आहे. प्राणवायू कमी पडला की पेशी लॅक्टिक आम्ल अधिक सोडतात आणि माध्यमाचा लाल रंग पिवळसर होतो. सुनिटिनिब सौम्य आम्लारी असल्याने अशा माध्यमातून ते पेशीत कमी शिरू शकते. शिवाय रुग्णात हे औषध मुख्यतः गाठीच्या रक्तवाहिन्यांवर काम करते, आणि तुझ्या प्लेटमध्ये रक्तवाहिन्याच नाहीत, हे निष्कर्ष लिहिताना विसरू नकोस.

यंत्रावरचा आकडा म्हणजे पेशीजवळचा प्राणवायू नव्हे. येथे भाट्याच्या खाडीत ओहोटीला तिवरांखालचा चिखल उकरला, तर वरचा थर करडा आणि बोटभर खाली काळा, हवा न पोहोचलेला असतो. माध्यमाच्या तळाशी दाटीने वाढलेल्या पेशींचेही तसेच होते. उलट, कमी प्राणवायूच्या चेंबरचे दार उघडले की व्हीएचएल शाबूत असलेल्या पेशींतील हिफ-१ अल्फा काही मिनिटांत नाहीसे होते. उमेदवारीच्या काळात मी प्लेट हातात घेऊन दुसऱ्या खोलीत जात असे आणि ब्लॉट, म्हणजे प्रथिन दाखवणारी चाचणी, कोराच का येतो, म्हणून महिनाभर अँटिबॉडीला दोष देत राहिलो. पेशी चेंबरमध्येच फोडत जा.

पुढच्या पत्रात प्रत्येक खळग्यातील पेशींची संख्या, माध्यमाची उंची आणि प्रयोगाअखेरचा पीएच कळव. आलेख पुन्हा तेव्हाच पाहू.