पाच दिवसांत अख्खं कुमाऊं बघायचं नसतं रे

अरे,

तुझं ते एक्सेल शीट उघडलं आणि बघूनच मला दमायला झालं. पाच दिवसांची सुट्टी, त्यात उत्तराखंडातल्या कुमाऊंमधलं नैनिताल, मुक्तेश्वर, कौसानी, बिनसर आणि शेवटी कंसात "जमलं तर औली". औली गढवालमध्ये आहे रे, मुक्तेश्वरहून निघालास तर अख्खा दिवस गाडीतच जाईल! आणि त्याच मेसेजमध्ये खाली लिहिलंयस की ताई, मला फक्त शांत पडून राहायचंय, ऑफिसने पार पिळून काढलंय. या दोन्हीतलं एकच काहीतरी खरं असणार आणि मला वाटतं शीट खोटं आहे.

म्हणून सरळच सांगते, एक गाव पकड आणि तिथेच रहा. माझं ऐकशील तर मुक्तेश्वरजवळचं सीतला नाहीतर सरगाखेत. मुक्तेश्वर साधारण २२८६ मीटरवर आहे, ही गावं त्याच्या जरा खालीच, त्यामुळे ऑक्सिजन कमी पडेल वगैरे काही नाही, ते डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) खूळ डोक्यातून काढ. घाटातल्या वळणांनी मळमळतं ते मात्र खरं, त्यासाठी डॉक्टरला विचारून एखादी अव्होमाइन सोबत ठेव आणि पुढच्या सीटवर बस.

आता प्लॅनिंग. आरामाच्या ट्रिपला प्लॅनिंग लागत नाही असं सगळे म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. मधले तीन दिवस मोकळे हवे असतील तर जायचा आणि यायचा दिवस अगदी कडक ठरवलेला पाहिजे, नाहीतर तिथे खुर्चीत बसूनसुद्धा डोक्यात परतीची टॅक्सीच फिरत राहते. पुण्याहून फ्लाइटने दिल्ली, तिथून रात्री दहाच्या सुमाराला रानीखेत एक्स्प्रेस, ती पहाटे पाचच्या आसपास काठगोदामला सोडते. ही गाडी पुरानी दिल्लीहून मिळते, नवी दिल्लीहून नाही, हे दोनदा वाच कारण निम्मे लोक इथेच गडबडतात. एअरपोर्ट मेट्रोने नवी दिल्ली, तिथे यलो लाइन पकडून चांदनी चौक, की स्टेशन समोरच. फ्लाइट आणि ट्रेनमध्ये चार-पाच तास मोकळे ठेव, डिसेंबर-जानेवारीत तर धुक्यामुळे त्याहून जास्त. सकाळची शताब्दीपण आहे, ती नवी दिल्लीहून सुटते आणि बाराच्या आत पोचवते, पण तिच्यासाठी आदल्या रात्री दिल्लीत मुक्काम करावा लागतो. रिझर्व्हेशन हल्ली ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला लॉगिन करून बसायचं.

काठगोदामला रेल्वे संपते, १८८४ पासून ती तिथवरच आहे, पुढे सगळा डोंगर. मुक्तेश्वर तिथून सत्तर किलोमीटरच्या आसपास, तीन तास धर. हल्द्वानीहून शेअर जीप मिळते, केमूच्या (तिथल्या बसमालकांच्या युनियनच्या) बसपण असतात, पण रात्रभर ट्रेनने आलेला माणूस आणि सोबत बॅगा असं असेल तर मी होमस्टेवाल्यालाच गाडी पाठवायला सांगते, चार पैसे जास्त गेले तर गेले. फक्त ड्रायव्हर दाज्यूंना (तिकडे दादाला दाज्यू म्हणतात) विचार की गाडी भीमताल-धानाचूलीवरून नेणार की भवालीवरून. भवालीच्या पुढे कैंची धाम, म्हणजे नीम करोली बाबांचा आश्रम आहे, तू त्या रस्त्याने जाणार नसलास तरी शनिवार-रविवारी त्याची रांग मागे भवालीपर्यंत येते. १५ जूनला तिथे स्थापना दिवसाचा मेळा असतो, त्या आठवड्यात तर गणपतीतला लक्ष्मी रोड परवडला. भीमतालवरून गेलास की हे सगळं टळतं.

कधी जायचं हे तुला काय हवंय त्यावर आहे. तू लिहिलंयस मे मध्ये जाऊ आणि बर्फाची शिखरं बघू. मे मध्ये झाडावर खुमानी (जर्दाळू), आडू (पीच), पुलम (प्लम) असतात आणि ते तोडून खाण्याइतकं सुख नाही, पण खालच्या चीडच्या (पाइनच्या) जंगलांत वणवे लागतात, हवेत धूर आणि धूळ, आणि समोर आख्खी हिमालयाची रांग असून तुला आठ-आठ दिवस काही दिसणार नाही. शिखरं बघायची तर ऑक्टोबर मध्यापासून डिसेंबर. तेव्हा त्रिशूल, नंदा देवी, पार पंचाचूलीपर्यंत रांग मोकळी असते, नंदा देवी ७८१६ मीटर आहे आणि सकाळी चहा घेत नुसती बघत बसायची. सकाळीच पण, दहा-अकरा वाजले की बऱ्याचदा ढग येतात. मार्चमध्ये बुरांश फुलतो, लालेलाल जंगल, तेही छान. जुलै-ऑगस्टचं नावच काढू नको, दरडी पडतात.

आणि ऑक्टोबर म्हणजे बिनधास्त असंही समजू नको हां. २०२१ च्या ऑक्टोबरात, पाऊस संपला असं सगळ्यांनी धरलेलं असताना, मुक्तेश्वरला २४ तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस झाला, तिथली वेधशाळा १८९७ पासून आहे आणि तेव्हापासूनचा तो उच्चांक. रस्ते तुटले, माणसं गेली, टुरिस्ट अडकून पडले. असं दरवर्षी होत नाही, पण म्हणूनच सांगते की सोमवारी सकाळी मीटिंग आणि रविवारी रात्रीची फ्लाइट असलं काही करू नको, शेवटचा एक दिवस मोकळा ठेव.

होमस्टे बुक करताना फोटो बघून भुलू नको, फोन लाव आणि बोल. रस्त्यापासून घर किती खाली आहे ते विचार, तिकडे बरीच घरं रस्त्याखाली पायवाटेवर असतात आणि ट्रॉली बॅग तिथे काही कामाची नाही, सॅक ने. गरम पाण्याची सोय काय, थंडीत खोली गरम करायला काय आहे, जेवण घरचंच का, हे विचार. उन्हाळ्यात पाणी कुठून येतं हेही विचार, कारण या पट्ट्यात झरे आटलेत, मोठ्या रिसॉर्टना टँकर येतात आणि गावातल्या बायका धाऱ्यावर (झऱ्याच्या पाण्यावर) नंबर लावतात, तेव्हा तू बादलीनेच आंघोळ केलीस तर बरं. कॅश ने, नेटवर्क गेलं की यूपीआय संपलं.

जेवणाचं आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं. पनीर, मॅगी मागू नको रे बाबा, ते पुण्यात मिळतं. मंडुआची रोटी माग, गहतची डाळ माग, म्हणजे आपली नाचणीची भाकरी आणि कुळीथच, तुझी आजी कोकणातली आहे ना, तुला घरी आल्यासारखं वाटेल. भट्टची चुडकानी म्हणजे काळ्या सोयाबीनचं दाट कालवण, भातावर ओतून खायचं. भांगेच्या बियांची चटणी असते, घाबरू नको, चढत नाही. थंडीत गेलास तर दुपारी उन्हात बसून नींबू सान खायचं, मोठालं लिंबू, दही, गूळ आणि तीच भांगेची चटणी, सगळं एकत्र कालवून, त्यासाठी मी परत जाते खरं तर.

बाकी "करायचं काय" हा तुझा प्रश्न. रोज एकच गोष्ट, तीही वाटली तर. एक दिवस मुक्तेश्वरला जा, डोंगरावरचं शंकराचं देऊळ, त्याच्या मागे चौली की जाली नावाचा कडा. संध्याकाळी तिथे सेल्फीवाले आणि झिपलाइनवाले असतात, सकाळी जा आणि कड्याच्या टोकाला जाऊन फोटो वगैरे प्रकार नको. वाटेत देवदारांमध्ये पशुवैद्यक संशोधन संस्थेचं जुनं आवार लागतं. ती प्रयोगशाळा १८८९ मध्ये चक्क पुण्यात सुरू झाली होती, बुळकांडीसारख्या गुरांच्या साथींवर काम करायला, पण असले जंतू भरवस्तीत ठेवणं धोक्याचं म्हणून १८९३ मध्ये हा एकांतातला डोंगर शोधून तिकडे हलवली. बुळकांडी २०११ मध्ये जगातूनच गेली, संस्था आहे अजून.

दुसऱ्या दिवशी बांजच्या (ओकच्या) जंगलातून पायवाटेने शेजारच्या गावापर्यंत चालून ये, घरातला एखादा मुलगा सोबत घे आणि त्याला त्याचे पैसे दे. अंधार पडायच्या आत घरी. तिकडे बिबट्या आहे, लोक त्यालाही बाघच म्हणतात, आणि सातनंतर गावातलं कुणी उगाच बाहेर फिरत नाही, तूही फिरू नको. तिसऱ्या दिवशी काही नाही. खरंच काही नाही, त्या रकान्यात काही भरू नको. लॅपटॉप नेतोयस का हे मी विचारत नाही कारण उत्तर मला माहितीये, निदान चार्जर घरी विसर.

परत येताना दुपारची शताब्दी घेतलीस तर रात्री नवी दिल्ली, नाहीतर रात्रीची रानीखेत, ती अगदी पहाटे उतरवते, त्यामुळे फ्लाइट दुपारची काढ. परतीची तिकिटं दिवाळीच्या सुट्टीत आधी भरतात, तर ती आधी बघ आणि त्यावरून जायची तारीख ठरव. तारखा पक्क्या झाल्या की मला कळव, सीतलाला मी ज्यांच्याकडे उतरते त्या दीदी कुठल्याच ॲपवर नाहीत, त्यांना मीच फोन करून ठेवीन.

तुझी ताई