गूगल, मायक्रोसॉफ्ट की चारशे रुपयांची 'लाइफटाइम की'? संस्थेसाठी ऑफिस सॉफ्टवेअर निवडताना

नमस्कार ताई,

मागाहून वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. तुमची संस्था सोलापुरात विडी कामगार महिलांसाठी आरोग्य शिबिरं घेते आणि त्यांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवते. पगारी माणसं बारा-चौदा, वस्त्यांवर फिरणाऱ्या कार्यकर्त्या चाळीसेक. खजिनदारांना एक्सेलशिवाय चालत नाही, सचिवांच्या मुलाने गूगल सुचवलंय, आणि ओळखीचा कॉम्प्युटरवाला चारशे रुपयांत 'लाइफटाइम ऑफिस' टाकून देतो म्हणतोय. नेमकं काय घ्यावं?

आधी त्या चारशे रुपयांचं बघू. अशी की, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करायचा परवाना क्रमांक, बहुतेक वेळा कुठल्यातरी कंपनीच्या घाऊक परवान्यातली असते आणि तीच शंभर जणांना विकलेली असते. आज चालते, नंतर कधीतरी वर लाल पट्टी येते आणि टायपिंग बंद होतं. बिल मागितलं तर 'सर्व्हिस चार्ज' असं लिहून देतात. उद्या एखाद्या कंपनीच्या सीएसआर (सामाजिक कामासाठी निधी देणाऱ्या) विभागाने पाहणीत परवान्यांची कागदपत्रं मागितली तर त्यांच्यापुढे काय ठेवणार? शिवाय असे लोक बऱ्याचदा ऑफिस २०१६ किंवा २०१९ टाकून देतात. त्या दोन्हींचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, म्हणजे सुरक्षेचे अपडेटही आता येत नाहीत. नोंदणीकृत संस्थेला अस्सल माल फुकट किंवा पाव किमतीत मिळत असताना पैसे मोजून नकली घ्यायचं कारण नाही.

आता अस्सलपैकी कोणतं? माझं मत सरळ आहे. सगळ्या संस्थेसाठी गूगल वर्कस्पेसची संस्थांसाठीची मोफत आवृत्ती घ्या, आणि खजिनदार व लेखापाल या दोघांपुरतं मायक्रोसॉफ्टचं सवलतीतलं ऑफिस विकत घ्या. सगळ्यांना एकच हवं हा हट्ट सोडला की निम्मा गोंधळ मिटतो.

गूगल का, तर तुमच्या चाळीस कार्यकर्त्यांकडे कॉम्प्युटर नाही, अँड्रॉइड फोन आहे. जीमेल आणि ड्राइव्ह त्यात आधीपासून असतं, नव्याने शिकवायला फार काही उरत नाही. डॉक्समध्ये मराठीत बोलून टाइप करता येतं, हे तर वस्तीवरून अहवाल पाठवणाऱ्या बाईसाठी फार मोठं आहे. मोफत आवृत्तीत संस्थेच्या नावाचा ईमेल मिळतो आणि सगळ्यांत मिळून १०० टीबी जागा मिळते. शिबिरांचे फोटो कितीही टाकलेत तरी पुरेल. उणीव म्हणाल तर मीटवर, म्हणजे गूगलच्या व्हिडिओ बैठकीत, एका वेळी १०० जणच बसतात आणि रेकॉर्डिंग होत नाही. तुमच्या मासिक बैठकीला ते लागणारही नाही.

मायक्रोसॉफ्टही संस्थांना बिझनेस बेसिक ३०० जणांपर्यंत मोफत देतं. टीम्स, प्रत्येकी १ टीबी जागा, सगळं आहे. पण त्यातलं वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्ये आणि फोनवरच चालतं, कॉम्प्युटरवर इन्स्टॉल होत नाही. तुमचे खजिनदार ज्या एक्सेलबद्दल बोलताहेत ते हे नव्हे. देणगीदार कंपन्या बजेटचा जो नमुना पाठवतात त्यात कुलूपबंद रकाने आणि मॅक्रो (बटण दाबलं की आपोआप चालणाऱ्या सूचना) असतात. तो ब्राउझरमध्ये उघडला की अर्धी बटणं मरतात. गूगल शीट्समध्येही तेच, लिब्रेऑफिस या मोफत ऑफिसमध्येही बऱ्याचदा तेच. म्हणून त्या दोन खुर्च्यांपुरतं इन्स्टॉल होणारं बिझनेस स्टँडर्ड घ्या. त्यावर संस्थांना भरघोस सवलत आहे आणि एका वापरकर्त्याला पाच कॉम्प्युटरवर टाकता येतं, म्हणजे खजिनदारांच्या घरच्या लॅपटॉपचंही काम झालं. त्यासाठी संस्थेचा ईमेल मायक्रोसॉफ्टकडे हलवायची गरज नाही. खातं उघडताना मायक्रोसॉफ्ट स्वतःचा एक पत्ता देतं, त्यावरच ऑफिस चालू करा आणि टपाल गूगलवर राहू द्या.

कुणी सांगेल की मायक्रोसॉफ्ट दहा जणांना बिझनेस प्रीमियम फुकट देतं. देत होतं. १ जुलै २०२५ नंतर ज्यांचं नूतनीकरण आलं त्यांचं ते बंद झालं. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत अजून तेच सांगतात, फसू नका. फुकट मिळालेली गोष्ट एका ईमेलने परत जाऊ शकते हे धरूनच चाला. वर्षातून एकदा ड्राइव्हमधल्या महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून कपाटात ठेवा.

झोहोचंही विचारलंय तुम्ही. पाच जणांपर्यंत त्यांचा मोफत ईमेल चांगला आहे, कंपनी आपल्याकडची आहे, केंद्र सरकारचे ईमेलसुद्धा त्यांच्याकडे गेलेत. चार माणसांची संस्था असती तर तेच सुचवलं असतं. तुमच्या आकाराला गूगल सोपं पडेल. अभ्यासिकेतल्या मुलांच्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र लिब्रेऑफिस टाका. फुकट आहे, नेट लागत नाही, मराठी मेनूही आहे.

खरी झटापट अर्जाच्या वेळी होते. गूगलसाठी पडताळणी गुडस्टॅक नावाची कंपनी करते. तिकडे बसलेल्या माणसाला तुमची संस्था फक्त कागदावर दिसते, आणि कागदावर आपल्या संस्थांची नावं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे. धर्मादाय कार्यालयाचं प्रमाणपत्र मराठीत. पॅन कार्डवर नाव इंग्रजीत, तेही एजंटने आपल्या मनाने लिहिलेलं. दर्पण या संस्थांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर तिसरंच. एकट्या 'बहुउद्देशीय' या शब्दाची इंग्रजी स्पेलिंगं तीन कागदांवर तीन असतात: कुठे शेवटी वाय आहे, कुठे नाही, कुठे दोन यू आलेत. अर्ज अडतो तो इथे. तेव्हा अर्जाला बसण्याआधी प्रमाणपत्र, पॅन, १२ए आणि ८०जीचे (आयकर सवलतीचे) आदेश, दर्पणची नोंद आणि बँकेचं पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर अक्षर ताडून बघा. पॅनवरचं स्पेलिंग प्रमाण माना, दर्पणवर तेच करून घ्या, वेबसाइटवर आणि लेटरहेडवरही तेच लावा. मराठी प्रमाणपत्राचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जवळ ठेवा.

दुसरं, विश्वस्त बदलले असतील आणि धर्मादाय कार्यालयाला दिलेला बदलाचा अहवाल (चेंज रिपोर्ट) अजून मंजूर नसेल, तर अर्ज कोणाच्या नावाने करताय ते बघा. कायद्याने बदल ९० दिवसांत कळवायचा असतो, पण मंजुरीला किती वेळ जातो ते तुम्हीही जाणता. शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या, उताऱ्यावर ज्यांचं नाव आहे अशाच एखाद्या विश्वस्ताने अर्ज केलेला बरा.

तिसरं, उद्देश लिहिताना जपून. गूगलच्या या योजनेत शाळा-कॉलेजं आणि रुग्णालयं बसत नाहीत. शाळांसाठी त्यांची वेगळी शैक्षणिक योजना आहे. तुमची अभ्यासिका ही शाळा नाही आणि शिबिर हे रुग्णालय नाही, पण 'आम्ही शिक्षण आणि आरोग्य सेवा देतो' असं मोघम लिहिलंत तर समोरच्याला तसंच वाटणार. 'असंघटित महिला कामगारांचं कल्याण' हा मुख्य उद्देश पहिल्या ओळीत येऊ द्या, तो तुमच्या घटनेतही असणारच.

पैसे भरण्याचा एक तिढा आहे, तो कुणी आधी सांगत नाही. गूगलच्या मोफत आवृत्तीला काही भरायचं नाही. पण त्या दोन मायक्रोसॉफ्ट परवान्यांसाठी वेबसाइट कार्ड मागते, आणि आपल्या संस्थांच्या खात्यावर दोघांच्या सह्या चालतात म्हणून बँक डेबिट कार्ड देत नाही. मग कुणीतरी स्वतःच्या कार्डाने भरतं, महिन्याला रक्कम कापली जाते, आणि मार्चला लेखापाल व्हाउचर शोधत बसतो. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. सोलापुरात मिळाला नाही तर पुण्यातला चालेल. कोटेशन मागताना 'नॉनप्रॉफिट दर, एक वर्षाची आगाऊ रक्कम, संस्थेच्या नावाने जीएसटी बिल' एवढं स्पष्ट लिहा आणि एनईएफटी करा. १८ टक्के जीएसटी वर लागतो, ठराव करताना तो धरून रक्कम लिहा. संस्थेची जीएसटी नोंदणी नसेल तर तो परत मिळत नाही, खर्चातच जातो.

डोमेनचं, म्हणजे ईमेल आणि वेबसाइटच्या पत्त्यातल्या संस्थेच्या नावाचं, मात्र मी हात जोडून सांगतो. एका संस्थेचं डोमेन एका उत्साही स्वयंसेवकाने आपल्या खासगी जीमेलवरून घेतलं होतं. मुलगा नोकरीला बंगळूरला गेला, नंबर बदलला, नूतनीकरणाची पत्रं त्याच्या न उघडलेल्या इनबॉक्समध्ये पडून राहिली. डोमेन गेलं, त्याबरोबर संस्थेचा सगळा ईमेल बंद पडला, आणि वार्षिक अहवालाच्या छापील प्रतींवर तोच पत्ता होता. मुलाचा त्यात काही दोष नव्हता, त्याला तेव्हा कुणी विचारलंच नाही. डोमेन संस्थेच्या नावाने, संस्थेच्या पॅनवर, पाच वर्षांसाठी एकदम घ्या. गूगलचे मुख्य ॲडमिन दोन ठेवा, त्यातला एक विश्वस्त हवा. रिकव्हरीचा मोबाइल नंबर कार्यालयातला द्या. बॅकअप कोड मिळतात ते छापून इतिवृत्ताच्या पुस्तकाबरोबर कपाटात ठेवा. आणि पत्ते माणसांच्या नावाने न करता पदाच्या नावाने करा: सचिव, लेखा, अभ्यासिका. माणूस बदलला की फक्त पासवर्ड बदलायचा. चाळीसही कार्यकर्त्यांना वेगळा ईमेल द्यायच्या भरीस पडू नका. ज्यांना रोज लागतो अशांनाच द्या.

जुन्या मराठी फायलींचं काम तुमच्या अंदाजापेक्षा मोठं निघेल. तुमचे ठराव आणि पत्रं श्रीलिपीत किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये असणार. त्या कॉम्प्युटरवर छान दिसतात, ड्राइव्हवर टाकून फोनवर उघडल्या की 'सर्वसाधारण सभा' च्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. ती फाइल खराब झालेली नसते, फक्त तो फॉन्ट फोनमध्ये नाही. सगळं बदलत बसू नका. घटना, अलीकडचे ठराव आणि नेहमीच्या पत्रांचे नमुने एवढं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या मराठीत, करून घ्या, बाकीच्यांची पीडीएफ करून ठेवा. नवीन टायपिंग मात्र आजपासून युनिकोडमध्येच. टायपिस्ट कुरकुर करेल. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कळफलक आहे, आणि जुन्या इनस्क्रिप्ट कळफलकवाल्यांना तर काहीच बदलावं लागत नाही.

घरोघरच्या सर्वेक्षणासाठी गूगल फॉर्म वापरू नका असं मी सांगेन. घरकुल वसाहतीच्या आतल्या गल्ल्यांत रेंज गेली की भरलेला फॉर्म पाठवता येत नाही. कोबो टूलबॉक्स हे सर्वेक्षणाचं साधन बघा. संस्थांना मोफत वापरता येतं, नेट नसताना माहिती फोनमध्ये साठते आणि रेंज आली की पाठवते. एकाच फॉर्ममध्ये मराठी आणि तेलुगू दोन्ही प्रश्न ठेवता येतात. सोलापूरच्या तेलुगू भाषिक पूर्व भागात काम करणाऱ्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आणि महिलांच्या आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं बंद करा. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय आणि त्यातून संस्था सुटलेल्या नाहीत. आधारचा फोटो खरंच लागतो का ते आधी विचारा. लागत असेल तर ड्राइव्हमधल्या अशा फोल्डरमध्ये ठेवा जो दोघांनाच उघडतो.

शेवटचं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल, कारण खजिनदार विचारतीलच. टॅली आहे तसं राहू द्या, त्याला यातलं काही पर्याय नाही. फक्त टॅलीचा चालू डेटा फोल्डर ड्राइव्हच्या सिंकमध्ये ठेवू नका. दोन कॉम्प्युटरवरून एकाच वेळी फायली वरखाली झाल्या की डेटा बिघडतो. टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि ती बॅकअपची फाइल ड्राइव्हवर चढवा, आठवड्याला एकदा.

अर्ज आत्ता करून ठेवा, पण माणसं नव्या ईमेलवर हलवायचं काम मार्चअखेर आणि ऑडिट टाळून करा. नावांचे कागद ताडताना कुठे अडलात तर कोणत्या कागदावर कसं स्पेलिंग आहे ते इथे लिहा, नंबर तेवढे झाकून.