सप्त्यातला माइक देवळात, मोबाइलची भजनं पंगतीत: लिनक्सवर दोन वाटा

भाऊ, तुमची अडचण मला समजली ती अशी. देवस्थानाच्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट आहे. मागच्या गुलाबी भोकात मिक्सरमधून महाराजांचा माइक, निळ्या भोकात भजनांचा मोबाइल. हिरव्या भोकातून देवळातलं मशीन (ॲम्प्लिफायर), आणि समोरच्या हेडफोनच्या भोकातून पंगतीकडच्या भोंग्याचं मशीन. माइक दोन्हीकडे जायला पाहिजे, भजनं फक्त पंगतीत. पण मोबाइल निवडला की माइक बंद पडते, आणि समोर पिन खोसली की देवळातला आवाज जाते.

मी इकडे दारव्ह्याकडे सप्त्याची साउंड सांभाळतो. पहिल्या वर्षी नेमका इथंच दोन दिवस अडकलो होतो. तेव्हा वाटलं लिनक्सचाच दोष. तसं नाही. गुलाबी आणि निळं भोक वेगवेगळं दिसलं तरी आतमध्ये बहुतेक मदरबोर्डांवर साउंड सर्व्हर (आवाजाची ये-जा सांभाळणारा लिनक्सचा प्रोग्राम) त्या दोघांना एकच इनपुट समजतो. कोणतं भोक ऐकायचं ते तुम्ही निवडता, एका वेळी एकच. आउटपुटचंही तेच: समोर पिन लागली की मागचं हिरवं आपोआप मुकं होते. टर्मिनलमधल्या अल्सामिक्सर नावाच्या आवाजाच्या प्रोग्राममध्ये ऑटो-म्यूट नावाचा खटका असतो, तो बंद केला तर दोन्हीकडे आवाज येईल, पण एकच आवाज. वेगळा नाही.

म्हणून आधी एक साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या. बोटाएवढं असते, एक माइकचं भोक, एक हेडफोनचं. आता तुमच्याकडे दोन कान आणि दोन तोंडं झाली. पंगतीचं मशीन समोरून काढून यूएसबीच्या हेडफोन-भोकात लावा. माइकचा मिक्सर निळ्या भोकात लावा, कारण मिक्सरचा दणदणीत आवाज यूएसबीच्या माइक-भोकात घातला की फाटते. यूएसबीच्या त्या माइक-भोकात मोबाइल लावा, मोबाइलचा आवाज अर्ध्याच्या खाली ठेवून. ते भोक बहुतेक कार्डांवर मोनोच असते. पंगतीतल्या भोंग्याला स्टीरिओचं कौतुक नाही.

आता वाटा काढू. खूप जणांचा इथं गोंधळ होतो. यूट्यूबवरचं गाणं कोणत्या स्पीकरवर वाजवायचं ते पाव्हूकंट्रोल नावाच्या खिडकीत, प्लेबॅकच्या पानावर, माऊसनं निवडता येते. पण माइक हा काही प्रोग्राम नाही. तो आपोआप कुठल्याच स्पीकरवर जात नाही. इनपुटपासून आउटपुटपर्यंत पाइप टाकावा लागते, त्या पाइपचं नाव लूपबॅक.

कमांड मी बोलतो तशा लिहितो, टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांत टाका; 'बरोबर' म्हणजे = ही खूण. पहिली: 'पीएसीटीएल लिस्ट शॉर्ट सोर्सेस'. दुसरी तशीच, शेवटी सोर्सेसऐवजी 'सिंक्स'. सोर्स म्हणजे कान, सिंक म्हणजे तोंड. ओळीच्या सुरुवातीला आकडा असते, त्याच्यापुढं लांबलचक नाव. त्यात पीसीआय दिसलं तर बोर्डवरचं, यूएसबी दिसलं तर नवीन. आकडा वापरूच नका. लाईन जाऊन आली की आकडे बदलतात आणि महाराजांचं प्रवचन भलतीकडेच निघते. पूर्ण नाव कॉपी करा.

सोर्सच्या यादीत काही नावांच्या शेवटी 'डॉट मॉनिटर' दिसेल. तो माइक नव्हे, त्या स्पीकरवर जे वाजून राहिलं त्याचीच नक्कल. रेकॉर्डिंगला कामाचा. पण मॉनिटर त्याच स्पीकरला जोडला तर आवाज स्वतःचीच शेपटी गिळत वाढत जाईल. एकदा माझ्या हातून झालं, काकड्याच्या वेळेस. गाव जागं झालं, काकड्याशिवायच.

मग पाइप: 'पीएसीटीएल लोड-मॉड्यूल मॉड्यूल-लूपबॅक', पुढं 'सोर्स बरोबर' कानाचं नाव, 'सिंक बरोबर' तोंडाचं नाव, शेवटी 'लेटन्सी अंडरस्कोअर एमसेक बरोबर' मिलिसेकंद, म्हणजे आवाजाला किती उशीर द्यायचा ते. असे तीन पाइप: मिक्सर ते देऊळ, मिक्सर ते पंगत, मोबाइल ते पंगत. प्रत्येक कमांड एक आकडा परत देते, तो 'अनलोड-मॉड्यूल'ला दिला की तेवढाच पाइप निघते. कमांडच्या आधी सुडो लावू नका. साउंड सर्व्हर लॉगिन केलेल्या माणसाचा असतो, रूटला, म्हणजे सुडोनं होणाऱ्या ॲडमिनला, तो ओळखत नाही. मिंट २१ मध्ये पल्सऑडिओ नावाचा साउंड सर्व्हर आहे, २०२४ च्या मिंट २२ पासून पाइपवायर आलं, पण या कमांड दोन्हीकडे चालतात.

मिलिसेकंदाचा आकडा मात्र मन लावून ठरवा. पल्सऑडिओत काही दिलं नाही तर २०० धरलं जाते. देवळात ते चालणार नाही, बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज मागून ऐकू येईल आणि तो अडखळेल. तिथं २० किंवा ३० द्या, खरखर आली तर थोडं वाढवा. पंगतीकडचा भोंगा दूर असेल तर उलटं. उन्हाळ्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जाते, म्हणजे ७० मीटरला २०० मिलिसेकंद. देवळाचा आवाज पंगतीपर्यंत ऐकू येत असेल, तर भोंग्याला तेवढाच उशीर दिला की दोन्ही आवाज सोबत पोचतात आणि शब्दाचे दोन शब्द होत नाहीत. पावलं मोजून अंतर काढा, चालते.

खरं सांगू का, देवळातला माइक मी तरी कॉम्प्युटरमधून नेणार नाही. मिक्सरचा एक आउटपुट सरळ देवळाच्या मशीनला लावा, दुसरा कॉम्प्युटरला. कॉम्प्युटर अडकला तर भजनं थांबतील, कीर्तन थांबणार नाही. मग पाइपही दोनच उरतात.

लाईन गेली की हे सगळे पाइप पुसल्या जातात. म्हणून कमांड एका फाइलमध्ये लिहा, फाइल चालवण्याजोगी करा, स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये टाका आणि १० सेकंदांचा डिले ठेवा. लगेच चालली तर यूएसबी कार्ड सापडलेलं नसते. लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक लॉगिनही चालू करा, नाहीतर पासवर्डसाठी कोणाला तरी उठून यावं लागेल. आणि पोट्ट्यांनी यूएसबी ओढली तर त्या पाइपमधला आवाज दुसऱ्या कार्डावर उडी मारू शकते. मी कार्ड मागच्या भोकात लावून वरून टेप चिकटवतो.

एवढं करूनही भोंगा घुर्र करत असेल तर लिनक्सला शिव्या देऊ नका. कॉम्प्युटर, मिक्सर आणि दोन्ही मशीनची लाईन एकाच लाईटच्या बोर्डावरून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडते. आधी त्यात दोन बादल्या पाणी ओता, मग परत ऐका.