सही केली म्हणून काय झालं?

प्रिय मित्रा,

डोंबिवलीच्या त्या समलिंगी जोडप्याचे, त्या दोघांचे, फोटो पाहिले. सिलिंडरवाला दारात उभा, एक जण मोबाइलमध्ये ओटीपी शोधतोय आणि दुसरा कणकेच्या हातांनी त्याच्या खांद्यावरून डोकावतोय, तो फोटो फार आवडला. मिठ्या मारायला न लावता संसार टिपलास.

आता त्यातला एक नको म्हणतोय, प्रदर्शन तोंडावर आलंय आणि तू विचारतोस, "संमतीच्या फॉर्मवर सही तर दोघांची आहे, मग?" मग काही नाही. फोटो काढून टाक.

सही त्या दिवसापुरती असते. भिंतीवर लावताना पुन्हा विचारायचं. छापताना पुन्हा. इन्स्टावर टाकताना पुन्हा. 2009 मध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर माझ्या ओळखीतले काही जण हौसेने कॅमेऱ्यासमोर बसले. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि तेच फोटो त्यांना घाबरवायला लागले. फॉर्मवरची सही तीच होती ना? 2018 मध्ये असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा फास सुटला, मान्य. पण घरमालकाला निकालपत्र दाखवून अकरा महिन्यांचा करार वाढत नाही, बाबा. त्या सिलिंडरवाल्याला ते दोघं भाऊ वाटतात, हे तूच लिहिलंयस!

म्हणे, चेहरा ब्लर करतो. म्हणजे गुन्हेवृत्तातल्या आरोपीसारखा? आणि दारावरची पाटी, फ्रिजवरचं लाइट बिल, खिडकीतून दिसणारी समोरची इमारत? शेजाऱ्याला तेवढं पुरतं. फोनवरून काढलेल्या फाइलमध्ये लोकेशन राहू शकतं, ते वेगळंच. चेहरा नको असेल तर ते काढतानाच ठरवायचं. छायाचित्रकार सुनील गुप्तांनी 1986-87 मध्ये दिल्लीत समलिंगी पुरुषांचे फोटो काढले, त्यात कित्येकांचे चेहरे दिसत नाहीत. ते फोटो आजही उणे वाटत नाहीत.

माझ्याकडे असा गठ्ठा पडून आहे. माझं सगळ्यात चांगलं काम त्यातच आहे आणि ते कुणी बघणार नाही. एका संपादकांनी तोंडावर विचारलं होतं, "बाई, तुम्ही फोटोग्राफर की समाजसेविका?" पुस्तक झालं असतं, नाव झालं असतं. हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्या घरांत मला आजही चहा मिळतो, आणि त्या संपादकांना कोण विचारतंय? असो. हे तुला कशाला सांगतेय! मुद्दा एवढाच, पुन्हा विचारायचं.

रविवारी जा त्यांच्याकडे, कॅमेरा घरी ठेवून. नको म्हणणाऱ्याला "का" विचारू नकोस. आणि दुसऱ्याला बाजूला घेऊन "तू समजाव ना त्याला" असलं तर चुकूनही बोलू नकोस. तू निघून आल्यावर भांडण त्यांच्या स्वयंपाकघरात होणार आहे. होकार दोघांचा लागतो, नकार एकाचा पुरतो.

भिंतीवर जागा रिकामी राहील? दुसरा फोटो लाव. "इथला फोटो मागे घेतला आहे" अशी पाटी लावून शहाणपणा मात्र करू नकोस.

तुझी,
ताई