विश्वास आहे, मग हिशोब कशाला?

"देव पुरवील असं आम्ही मनापासून मानतो. मग काहीच का घडत नाही? आमचा विश्वास कमी पडतोय का?" आर्थिक अडचणीत सापडलेली विश्वासी ख्रिस्ती माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा बोलणं बहुतेक वेळा इथेच येऊन थांबतं. अशाच एका जोडप्याचा हा अनुभव. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

नवऱ्याची नोकरी गेली होती. बायकोच्या पगारात घर कसंबसं चालत होतं आणि कर्जाचे हप्ते थकले होते. बँकेची पत्रं आली की ते न उघडता कपाटात टाकत. "पत्र उघडलं की भीती वाटते, आणि भीती वाटली म्हणजे विश्वास ढळला," असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणाल्या, "ताई, मी हिशोबाची वही काढली की हे म्हणतात, तू देवावर शंका घेतेस." थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) द्यायला चुकायला नको म्हणून ते मित्राकडून पैसे उसने घेत होते. कुठल्याशा सभेत ऐकलं होतं, पेराल त्याच्या कितीतरी पट मिळेल.

विश्वासावर मी लगेच बोलत नाही. आधी झोप आणि भूक विचारते. जीव नकोसा वाटतो का, हेही थेट विचारते. विचारल्यामुळे तो विचार मनात शिरतो हा गैरसमज आहे. नवऱ्याला झोप लागत नव्हती, जेवणावरून मन उडालं होतं. हे आठवड्यांमागून आठवडे चाललं होतं, म्हणून डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. "डॉक्टर कशाला? प्रार्थना चालू आहे की," ते म्हणाले. मी बायबलमधला १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय काढायला लावला. थकलेला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला विश्वासावर प्रवचन देत नाही. खायला देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. पुढच्या वाटेचं बोलणं त्यानंतर.

मग २ राजे ४. विधवेच्या तेलाची गोष्ट. "ती पाठ आहे, तेल वाढलं," ते म्हणाले. तरी मी पहिल्या सात ओव्या मोठ्याने वाचायला सांगितल्या, सावकाश. तिचा नवरा देवाचं भय धरणारा होता आणि तरीही कर्ज ठेवून गेला. सावकार दोन मुलांना गुलाम करायला निघाला आहे. मी तुझ्यासाठी काय करू, असं म्हणून संदेष्टा अलीशा तिला लगेच काय विचारतो? घरात काय आहे? म्हणजे हिशोबच. आणि ती "काहीच नाही" म्हणता म्हणता थांबते, थोडं तेल आहे म्हणते. पुढे शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायची, तीही थोडीथोडकी नाहीत.

इथे ते वाचायचे थांबले. "म्हणजे शेजाऱ्यांना कळलंच असणार."

कळलंच असणार. दार तिने लावून घेतलं ते तेल ओतताना. भांडी मागायला मात्र दारोदार गेली. पुढे बराच वेळ ते देवाबद्दल बोललेच नाहीत, मंडळीबद्दल बोलले. वर्षानुवर्षं उभं राहून विश्वासाची साक्ष दिलेली, लोकांना धीर दिलेला. आता पाळकांसमोर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंसमोर, "हप्ते थकलेत" कसं म्हणायचं? माझ्या मते त्यांचा विश्वास कुठेच कमी पडला नव्हता. लाज मोठी होती, आणि तिला विश्वासाचे कपडे घातलेले होते. धार्मिक घरांत हे मी पुष्कळ पाहते. विशेषतः जे इतरांना आधार देत आले, त्यांच्यात.

त्या गोष्टीचा शेवट लोक पटकन ओलांडतात. त्या थोड्याशा तेलाने सगळी भांडी भरल्यावर ती विधवा परत विचारायला जाते. अलीशा सांगतो: तेल विक, कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि मुलं जगा. चमत्कार झाल्यावरही विक्री आहे, फेड आहे, त्यातलाही क्रम आहे. देवाचं ऐकणं म्हणजे या ठिकाणी बाजारात जाणं आणि देणं चुकवणं.

"मग ही शिक्षा आहे का?" हे बाईंनी विचारलं. काही अडचणी आपल्याच निर्णयांतून येतात, ते तपासावं. पण प्रत्येक टंचाई शिक्षा नसते. एलीया करीथ ओहळाजवळ देवाच्या सांगण्यावरूनच राहिला होता, तरी ओहळ आटला, कारण पाऊस नव्हता. आज्ञा पाळणाऱ्याचाही आटला.

दशमांशाबद्दल मी स्पष्ट बोलले. नवऱ्याचं उत्पन्नच नसेल तर त्याचा दहावा हिस्सा शून्य येतो. २ करिंथ ८:१२ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की देणगी माणसाजवळ जे आहे त्या मानाने स्वीकारली जाते, नसलेल्याच्या मानाने नाही. उसने आणून दिलेलं दान मित्राच्या खिशातून जातं आणि फेड बायकोच्या पगारातून होते. परत मिळेल या आशेने दिलं तर तो व्यवहार झाला. हे ऐकून ते नाराज झाले. होऊ दिलं.

पुढच्या भेटीला येताना सगळी पत्रं घेऊन या, एवढंच काम दिलं. ती बाईंनी उघडली, वही नवऱ्याने लिहिली. एकूण देणं त्यांच्या मनात होतं त्याहून कमी निघालं. नेहमी तसंच निघतं असं नाही. मग दोघं मिळून बँकेत गेले. थकबाकीवर गप्प बसलेल्या माणसापेक्षा समोर येऊन अडचण सांगणाऱ्याला मुदत वाढवून मिळण्याची शक्यता जास्त असते. त्यांना मिळाली. पाळकांना सांगितलं, तेव्हा मंडळीतल्याच एकाने अर्धवेळ काम सुचवलं, आधीच्या हुद्द्यापेक्षा बरंच खालचं. त्यांनी ते घेतलं, आढेवेढे घेत. हप्ता आता लहान आहे. मुदत वाढल्यामुळे एकूण व्याज जास्त जाणार, तेही वहीत लिहिलेलं आहे.