डोहात पाणी असतानाच ठरव

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद. गोदावरीचा डोह आटत चालला आहे, त्यातली मऊ पाठीची कासवे उचलून बंधाऱ्याच्या फुगवट्यात सोडावीत का, हा तुझा प्रश्न एप्रिलात विचारण्याचा नव्हताच. तो दिवाळीच्या सुमारास, डोह तुडुंब असताना विचारायचा होता. मराठवाड्यात उन्हाळा कधी न सांगता येत नाही.

आधी डोहात कोण आहे ते नीट पाहा. मागचे पाय आत घेऊन पोटाकडची झडप मिटणारी कासवे असतील, तर त्यांना हातही लावू नकोस. ती ओल्या चिखलात स्वतःला गाडून घेऊन पावसापर्यंत तग धरू शकतात, आणि गोणपाटातला प्रवास हा त्यांच्यावर उपकार नव्हे. लीथचे कासव, म्हणजे मऊ पाठीचीच दुसरी जात असेल, तर गोष्ट वेगळी. ते द्वीपकल्पातल्या नद्यांचे आहे आणि आज अतिसंकटग्रस्त मानले जाते. पण ते अंडी घालते काठावर, आणि तू सुचवलेल्या फुगवट्याने काठ बुडवलेला असेल किंवा वाळूवाल्यांनी खरवडून नेला असेल, तर तिथे कासव वर्षानुवर्षे जगेल आणि पिलू एकही दिसणार नाही. याला वाचवणे म्हणायचे का? सद्‌हेतूने सोडलेला जीवही घात करतो: दख्खनचा महाशीर मासा कावेरीत सोडला गेला, आणि तिथला मूळचा, उंच पाठीचा महाशीर 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला, तेव्हा त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत या पाहुण्याचेही नाव होते.

हे सारे तपासायला हंगाम लागतो, म्हणून पुन्हा सांगतो, पाणी असतानाच ठरव. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे प्राणी पर्यायी अधिवासात हलवायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या, प्राण्यासाठी केंद्राचीही पूर्वसंमती. डोहात चिखल उरल्यावर केलेला अर्ज म्हणजे निव्वळ कागद.

एका दुष्काळात गावकरी टोपल्या घेऊन काठावर उभे असताना मी नकार दिला, तेव्हा ‘साहेबाला दयामाया नाही’ असे लोक म्हणाले. आमचा प्रस्ताव एका कार्यालयात पावसाळाभर पडून होता आणि नव्या जागेची पाहणी झालेली नव्हती. त्यातली बरीच कासवे गेली. ते मला अजून बोचते. तरीही ती टोपलीतून कुठल्याही पाण्यात ओतली नाहीत, हे बरोबरच होते, आणि आज विचारलेस तरी मी तेच सांगेन.

यंदा तू एवढेच कर. काठावरच्या शेतकऱ्यांना भेटून डोहातल्या मोटारींचा उपसा थांबवता येतो का ते पाहा. बहुतेक वेळा कासवाला हलवण्यापेक्षा मोटार हलवणे सोपे असते. घाटाच्या पायऱ्यांवर रंगाने खूण करून दर आठवड्याला पातळी लिहून ठेव. पाणी कोणत्या पायरीखाली गेले की कासवे उचलायची, कुठे सोडायची आणि सोडल्यावर त्यांच्यावर नजर कोण ठेवणार, हे लिहून प्रस्ताव पावसाळा सरताच पाठव. पाठवण्याआधी मला दाखव.

तुझा,
काका