पुडीवर नाव नाही, मग पोटात कशाला?

निपाणी : गुळवेलीच्या डब्यावर एफएसएसएआयचा नंबर आहे. म्हणजे सरकारने औषध तपासलं ना?
नाही. तो 14 आकडी नंबर खाद्यपदार्थाच्या परवान्याचा. आयुर्वेदिक औषधावर आयुषचा, म्हणजे आयुर्वेद वगैरे पाहणाऱ्या सरकारी खात्याचा, उत्पादन परवाना क्रमांक लागतो. यकृताचा त्रास असेल तर गुळवेल डॉक्टरांना विचारूनच.

बेळगाव : आईचं ऑपरेशन ठरलंय. लसणाच्या कॅप्सूलबद्दल सांगायलाच हवं का?
हो. आजच, भूल देणाऱ्या डॉक्टरांना.

खानापूर : बाबांचे गुडघे आठवडी बाजारातल्या पुडीने दोन दिवसांत दुखायचे थांबले. चार महिने चालू आहे. आता चेहरा सुजलाय. पुडी बंद करू?
हेच पत्र गावाचं नाव बदलून येत राहतं. झाडपाला दोन दिवसांत गुडघेदुखी थांबवत नाही. अशा पुड्यांत स्टिरॉइड किंवा डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मिसळलेलं अनेकदा सापडलंय. तुमच्या पुडीत काय आहे ते प्रयोगशाळाच सांगेल; पण चेहरा सुजलाय म्हणजे शंका घ्यायलाच हवी. आणि नेमकं इथेच घरचे चुकतात. कुणीतरी रागाने पुडी उकिरड्यावर फेकतं. स्टिरॉइड काही आठवडे घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. म्हणून स्वतःहून बंद करू नका, आणि तशीच चालू ठेवून बसूही नका. उरलेल्या पुड्या घेऊन आजच फिजिशियनकडे जा. साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. ‘शेजाऱ्याला गुण आला’ हे मला सांगू नका, शेजाऱ्यालाही घेऊन जा. शिवाय कायद्याची गंमत बघा : आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. त्यामुळे टोपलीवाल्याकडे काय मागायचं? पुडीवरचं बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना, बॅच, तारीख. काहीच नसेल तर तो माल बेकायदा.

हिंडलगा : ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात आलीय. मागवू?
नको. मधुमेह बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायलाच 1954 च्या कायद्याने बंदी आहे. चालू गोळ्या सोडू नका.

चिकोडी : चूर्ण कोल्हापूरचं, घेतलं इथे. तक्रार कुठे?
सीमेचा वाद इथे नको. परवाना महाराष्ट्राचा असला तरी विक्री इथे झाली. जिल्हा आयुष कार्यालयात लेखी द्या. ग्राहक म्हणून 1915 वरही फोन करता येतो. बिल आणि उरलेलं चूर्ण मूळ डब्यातच ठेवा. डबा धुऊन त्यात डाळ भरली, तर तपासायला काही उरत नाही.